लेनालिडोमाइड १० मिग्रॅ: ट्रान्सप्लांटनंतरच्या रोजच्या कॅप्सूलचं परीक्षण

मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) ऑटोलोगस ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे पेशंटच्याच मूळपेशी काढून ठेवून, मेल्फालान या केमोच्या औषधाचा जबर डोस देऊन त्या परत सोडल्या, की साधारण तीन महिन्यांनी प्रिस्क्रिप्शनवर एक छोटी ओळ येते: कॅप. लेनालिडोमाइड १०, रोज एक. इंजेक्शन नाही, ॲडमिशन नाही, केस गळणं नाही. त्यामुळे घरात हिची गणना बीपी-शुगरच्या गोळ्यांमध्ये होऊ लागते आणि तिथेच घोटाळा होतो. औषध उत्तम आहे, पाचपैकी साडेचार गुण सहज. पण ते नीट चालवायचं तर रक्ताचे रिपोर्ट, किडनी आणि पोट या तिन्हींकडे दर महिन्याला बघावं लागतं. ती तयारी नसेल तर साडेचाराचे तीन होतात. हे परीक्षण फक्त मायलोमाच्या मेंटेनन्सपुरतं, म्हणजे रोग दबून राहावा म्हणून चालू ठेवायच्या औषधापुरतं आहे. भावंडाच्या किंवा दुसऱ्या दात्याच्या मूळपेशी घेतलेल्यांचं औषधपाणी पूर्णपणे वेगळं असतं.

काम करतं का?

करतं, आणि पुरावा भक्कम आहे. अमेरिका, फ्रान्स आणि इटलीतल्या तीन चाचण्यांतल्या १,२०८ पेशंटांचा एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. लेनालिडोमाइड घेणाऱ्यांमध्ये रोग पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ ५२.८ महिने होता, न घेणाऱ्यांमध्ये २३.५. सात वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ६२ टक्के विरुद्ध ५० टक्के. त्याच वर्षी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ट्रान्सप्लांटनंतरच्या मेंटेनन्ससाठी याला रीतसर मान्यता दिली. मायलोमावर ते त्याआधीही, २००६ पासून, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसोबत मान्य होतंच.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जाहिरातीत दिसत नाही. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे लेनालिडोमाइडच्या गटात २९.१ टक्के होते, दुसऱ्या गटात १२.२. दहातले जवळजवळ तीन जण! यातल्या बऱ्याच तक्रारी डोस कमी करून किंवा एखादं साधं औषध जोडून आटोक्यात येण्यासारख्या असतात. म्हणून पहिलाच सल्ला: त्रास झाला तर परस्पर बंद करू नका आणि रेटूनही नेऊ नका, डोस बदलून मागा. ५ मिग्रॅवर वर्षानुवर्षं टिकणं हे १० वर चार महिने काढून सोडून देण्यापेक्षा केव्हाही बरं.

सुरुवात आणि २१ दिवसांचं गणित

ट्रान्सप्लांटनंतर ९० ते १०० दिवसांच्या आसपास सुरुवात होते. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या वर आणि प्लेटलेट पाऊण लाखाच्या वर गेलेले हवेत. न्यूट्रोफिलचा आकडा पुष्कळ लॅब थेट देत नाहीत, नुसती टक्केवारी छापतात. तो स्वतः काढावा: एकूण पांढऱ्या पेशी २,८०० आणि न्यूट्रोफिल ३२ टक्के असतील तर २,८०० चे ३२ टक्के म्हणजे ८९६. रिपोर्टवर ३२ टक्क्यांपुढे फक्त बारीक 'लो' लिहिलेलं असतं, पण ८९६ हा सुरुवात पुढे ढकलण्याचा आकडा आहे. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असावी. जुना, झोपलेला विषाणू या औषधावर जागा होऊ शकतो.

कंपनीच्या माहितीपत्रकानुसार मेंटेनन्समध्ये रोज १० मिग्रॅ, खंड न पाडता, आणि तीन चक्रं सोसलं तर १५. प्रत्यक्षात आपल्याकडे २८ दिवसांपैकी २१ दिवस १० मिग्रॅ आणि सात दिवस सुट्टी ही पद्धत फार रुळलेली आहे. ब्रिटनच्या मायलोमा-११ चाचणीतही हीच पद्धत होती आणि तिथेही रोग थोपवण्याचा काळ २० महिन्यांवरून ३९ वर गेला. १५ पर्यंत जाण्याचा आग्रह आम्हाला तरी गरजेचा वाटत नाही.

गोंधळ होतो तो कॅलेंडरचा. चक्र २८ दिवसांचं आणि महिना ३० किंवा ३१ चा, त्यामुळे 'एक तारखेपासून सुरू' हे फक्त पहिल्यांदाच खरं असतं. त्यात काही कंपन्यांची ३० कॅप्सूलची डबी येते आणि काहींची १० ची पट्टी. ३० च्या डबीतून २१ गेल्या की नऊ उरतात, आणि डबी संपवायची सवय असलेली माणसं सुट्टीच्या सात दिवसांतही कॅप्सूल घेत राहतात. मग पुढच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल कोसळलेले दिसतात. हिशेब सोपा आहे: दहा चक्रांना २१० कॅप्सूल, म्हणजे ३० च्या सात डब्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २१ दिवस टिक आणि ७ दिवस फुली आधीच मारून ठेवावी, आणि सुरुवातीचा वार कायम तोच ठेवावा. सोमवारी सुरू झालेलं चक्र प्रत्येक वेळी सोमवारीच सुरू होतं.

कॅप्सूल अख्खी, पाण्यासोबत, रोज एकाच वेळी. जेवणाआधी किंवा नंतर, दोन्ही चालतं, मात्र भरपूर तेलातुपाच्या जेवणासोबत औषधाचं शोषण थोडं घटतं. सुस्ती येत असेल तर रात्रीची वेळ सोयीची. डोस राहून गेला आणि १२ तास उलटले नसतील तर घ्यावा, उलटले असतील तर सोडून द्यावा. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही.

रक्ताचे रिपोर्ट

पहिली दोन चक्रं दर आठवड्याला सीबीसी, तिसऱ्यात पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, पुढे २८ दिवसांतून एकदा. प्लेटलेट ३० हजारांखाली किंवा न्यूट्रोफिल ५०० खाली गेले की औषध थांबवायचं आणि आकडे वर आले की एक पायरी खालच्या डोसवर सुरू करायचं. शेवटची पायरी ५ मिग्रॅ, २१ दिवस. त्याखाली जात नाहीत (किडनी कमकुवत असेल तर हिशेब वेगळा, तो पुढे येतो).

पावसाळ्यात एक जास्तीची काळजी. प्लेटलेट अचानक घसरले आणि सोबत ताप, अंगदुखी असेल तर सगळा दोष कॅप्सूलला देऊन चालत नाही. जुलै ते ऑक्टोबर महाराष्ट्रात डेंग्यू, मलेरियाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आणि १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघण्याचा प्रकार नाही. न्यूट्रोफिल कमी असताना ताप आला तर रात्र काढण्याइतका वेळ हातात नसतो. प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा घरोघरी दिला जातो. त्यातून यकृताचे आकडे बिघडले तर नक्की कशामुळे हे शोधता येत नाही, म्हणून जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा.

क्रिएटिनिन 'नॉर्मल' असतं तेव्हा

सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट हीच. लेनालिडोमाइड मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, आणि मायलोमात किडनी आधीच मार खाल्लेली असते. ६२ वर्षांची, ५० किलोची बाई आणि क्रिएटिनिन १.२ घ्या. बऱ्याच लॅबच्या कागदावर हे जेमतेम वर किंवा चक्क नॉर्मलमध्ये बसतं. आता सूत्र लावा: १४० मधून वय वजा, ७८. गुणिले वजन ५०, म्हणजे ३,९००. भागिले ७२ गुणिले १.२, म्हणजे ८६.४. उत्तर ४५. बाईसाठी त्याला ०.८५ ने गुणायचं: ३८. ही झाली क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज, मिनिटाला ३८ मिली. ३० ते ६० च्या दरम्यान मेंटेनन्सचा सुरुवातीचा डोस १० नाही, ५ मिग्रॅ आहे. ३० च्या खाली २.५. डायलिसिसवर असेल तर २.५, आणि डायलिसिसच्या दिवशी ते झाल्यानंतर.

बारीक चणीच्या, वयस्क बायकांमध्ये हा हिशेब न करता १० सुरू झालं की महिन्याभरात रक्ताचे आकडे पडतात आणि 'औषध सोसत नाही' असा शिक्का बसतो. औषध सोसत होतं, डोस दुप्पट होता. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकने किडनी आणखी ढासळते ती वेगळीच.

पोट

ज्या तक्रारीने सर्वाधिक लोक हैराण होतात ती जुलाबाची. गंमत म्हणजे ती बऱ्याचदा पहिल्या महिन्यात येत नाही. सहा-आठ महिने सुरळीत गेलेले असतात, आणि मग सकाळी उठल्यावर किंवा जेवल्याबरोबर धावत जावं लागणं सुरू होतं. माणूस बस प्रवास टाळू लागतो, लग्नकार्याला जात नाही. पाणी बदललं, दूध बाधलं, वय झालं, अशी कारणं शोधण्यात आणखी काही महिने जातात.

यामागचं एक नेमकं कारण आता माहीत आहे. चरबी पचवायला यकृत पित्ताम्लं सोडतं आणि लहान आतड्याच्या शेवटी ती परत शोषली जातात. लेनालिडोमाइडवर असलेल्या अनेकांमध्ये हे शोषण बिघडतं, पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. म्हणून लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या गोळीने दिवस निभावतो, पण मूळ कारण तसंच राहतं. त्यावर उपाय दोन: आहारातली चरबी उतरवणं आणि पित्ताम्लं बांधून ठेवणारं कोलेस्टिरामाइन. चरबी उतरवणं म्हणजे नुसतं तळण बंद नव्हे. भाजीतलं दाण्याचं कूट, ओलं खोबरं, साय, वरणावरचं तूप, चहासोबतची खारी, सगळं मोजायचं. दोन आठवडे काटेकोर पाळलं तर फरक पडतो की नाही ते कळतं.

कोलेस्टिरामाइनची ४ ग्रॅमची पुडी पाण्यात नीट कालवून घेतात, कोरडी भुकटी तोंडात टाकायची नाही. चव वाळूसारखी खरखरीत, ताकात बरी लागते. खरी अडचण वेगळी आहे. हे औषध पोटात असेल ते सगळं धरून ठेवतं, थायरॉईडची गोळी, व्हिटॅमिन डी, बाकीची औषधंसुद्धा. त्यामुळे इतर गोळ्या हिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. पुडी दुपारच्या जेवणाआधी आणि लेनालिडोमाइड रात्री झोपताना, असं वेळापत्रक बसतं. अर्थात हे सगळं जंतुसंसर्ग नाही ना हे बघून झाल्यावर. नुकतीच अँटिबायोटिक झालेली असतील, ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर आधी शौचाची तपासणी, क्लॉस्ट्रिडियम या अँटिबायोटिकनंतर फोफावणाऱ्या जंतूची धरून.

बाकीच्या कुरबुरी

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम तपासावं. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड चालू असेल तर कॅल्शियम त्यानेही उतरतं. पुरळ सहसा सुरुवातीला येतं, खाजतं आणि अँटिहिस्टामिनवर बसतं. पण तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटणं यातलं काही दिसलं तर कॅप्सूल तिथल्या तिथे बंद आणि इस्पितळ. थकव्याकडे कानाडोळा करू नये: या औषधाने थायरॉईड मंदावतो, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेणाऱ्यांना स्नायू दुखणं, लघवी गडद होणं असं झालं तर लगेच सांगावं.

रक्ताच्या गुठळीचा धोका डेक्सामेथासोन सोबत असताना जास्त, एकट्या मेंटेनन्सवर कमी, पण शून्य नाही. बहुतेकांना ७५ मिग्रॅ ॲस्पिरिन दिली जाते, आधी गुठळी झालेल्यांना त्याहून जोरकस औषध. प्लेटलेट ५० हजारांखाली गेले की ॲस्पिरिन सहसा थांबवतात, हे घरच्यांना माहीत हवं. एकच पोटरी सुजणं किंवा एकाएकी धाप लागणं, दोन्ही तातडीचे.

ॲसायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा साधारण वर्षभर चालते, नाहीतर नागीण उठते. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस, लेनालिडोमाइड चालू असताना नको. न्यूमोकॉकल, फ्लूचं इंजेक्शन आणि भारतात २०२३ पासून मिळणारी नागिणीची नवी लस जिवंत नाहीत, त्या चालतात.

घरात हाताळताना

लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडचं भावंड. १९६१ मध्ये थॅलिडोमाइड बाजारातून काढावं लागलं, कारण गरोदरपणी ते घेतलेल्या हजारो बायकांची मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. पुढे २०१० मध्ये कळलं की हे औषध पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि मायलोमाच्या पेशी मारण्याचा रस्ताही तिथूनच जातो. म्हणजे गुण आणि दोष एकाच मुळाचे.

म्हणून गर्भधारणा शक्य असलेल्या पेशंटला सुरुवातीआधी दोन गर्भचाचण्या, औषधाच्या चार आठवडे आधीपासून बंद केल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत पक्की गर्भनिरोधनं. पुरुषांनी कंडोम वापरायचा, नसबंदी झालेली असली तरी, कारण औषध वीर्यात उतरतं. रक्तदान नाही. बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे असल्याने हा भाग वाचून सोडून दिला जातो. पण आठवड्याची गोळ्यांची डबी भरून देणारी सून किंवा मुलगी गरोदर असेल तर तिने या कॅप्सूलला हातच लावू नये, आणि इतरांनीही हातमोजे घालावेत. पट्टीतून काढताना अंगठा कॅप्सूलच्या मधोमध दाबला की ती चेपते किंवा फुटते, एका टोकाला दाबावं. फुटलीच तर भुकटी ओल्या कागदाने टिपून, पिशवीत बंद करून, हात साबणाने धुवायचे. उरलेल्या कॅप्सूल संडासात किंवा कचऱ्यात न टाकता इस्पितळाच्या फार्मसीत परत द्याव्यात. या बाबतीत आपल्याकडच्या पुष्कळ डब्यांवरची सूचना इतकी बारीक आणि फक्त इंग्रजीत असते की ती कोण वाचणार? अर्धा गुण तिथे कापला.

किंमत आणि खरेदी

मूळ ब्रँड सेल्जीनचा रेव्लिमिड. अमेरिकेत २०२२ पर्यंत जेनेरिक नव्हतं. भारतात मात्र नॅटकोचं लेनालिड आणि इतर कंपन्यांची जेनेरिक त्याच्या कितीतरी आधीपासून मिळताहेत, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत उतरलेलं पहिलं जेनेरिकसुद्धा नॅटकोनेच बनवलेलं होतं. त्याच वर्षी लेनालिडोमाइड आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आलं, त्यामुळे त्यावर सरकारी कमाल किंमत लागू आहे. तरी छापील किंमत आणि मिळणारी किंमत यांत मोठं अंतर असतं. इस्पितळाची फार्मसी, सरकारी सवलतीची अमृत दुकानं आणि बाहेरचा केमिस्ट अशा तीन ठिकाणी दर विचारल्याशिवाय घेऊ नये. व्हॉट्सॲपवर निम्म्या दरात, बिलाशिवाय मिळणाऱ्या डबीच्या वाटेला जाऊ नका. बिलावर बॅच नंबर हवाच. ब्रँड बदलायला हरकत नाही, पण बदलल्याची तारीख फाइलमध्ये लिहावी.

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये विम्यातून वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांच्या यादीत तोंडाने घ्यायची केमोथेरपी घातली आहे. बऱ्याच पॉलिसींत तिच्यावर वेगळी मर्यादा असते, ती पॉलिसीच्या कागदात शोधा. महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांटनंतरच्या कॅप्सूल आपोआप मिळतील असं धरून चालू नका, इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

दुसरं काही?

गुणसूत्रांत १७पी गहाळ असणं किंवा ४ आणि १४ ची अदलाबदल अशा जोखमीच्या रोगात एकटं लेनालिडोमाइड अपुरं पडतं. तिथे बोर्टेझोमिब, साधारण दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली, एकटं किंवा जोडीने देतात. पायांत मुंग्या येणं ही त्याची किंमत. थॅलिडोमाइड स्वस्त, पण नसा इतक्या खराब करतं की मेंटेनन्स म्हणून फार काळ चालत नाही. इक्साझोमिबने चाचणीत २१.३ महिन्यांचे २६.५ केले, लेनालिडोमाइडच्या जवळपासही नाही. डाराटुमुमॅब जोडीला देण्याचे २०२३ च्या अखेरीस आलेले पर्सियस चाचणीचे निकाल फार चांगले आहेत. तिथे रोगाचा मागमूस न उरलेल्यांचं डाराटुमुमॅब दोन वर्षांनी थांबवलं, लेनालिडोमाइड चालू ठेवलं. खर्च पेलणार असेल तर हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा.

किती दिवस?

रोग परतेपर्यंत किंवा सोसेनासं होईपर्यंत, हे प्रचलित उत्तर. फ्रान्सच्या एका चाचणीत ट्रान्सप्लांटनंतर एकच वर्ष दिलं होतं, तिथे रोग थोपवण्याचा मध्यम काळ ५० महिने. तेच सुरुवातीचे उपचार, पण मेंटेनन्स अखंड ठेवलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ६७.५. दोन वेगळ्या चाचण्या अशा शेजारी ठेवणं शंभर टक्के योग्य नाही, तरी कल उघड आहे. याच्या विरुद्ध पारड्यात दुसऱ्या कॅन्सरचा धोका पडतो, रक्ताचा आणि इतरही. तो खराच वाढतो, आणि एकत्रित अभ्यासातला आयुष्याचा फायदा तो जमेस धरूनच निघालेला आहे. त्यामुळे स्तन, गर्भाशयमुख, प्रोस्टेट, त्वचा यांची वयानुसारची तपासणी चुकवू नये. आणि सीबीसी कारण नसताना महिनोन् महिने बिघडत चालली तर नुसता डोस न उतरवता बोनमॅरो बघावा.

एम प्रोटीन आणि फ्री लाइट चेन, म्हणजे मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनांच्या तपासण्या, शक्यतो एकाच लॅबमध्ये, एक ते तीन महिन्यांनी. ०.२ चं ०.३ झालं म्हणून औषध बदलत नाहीत. रोग परतला म्हणायला सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २५ टक्के आणि किमान ०.५ ग्रॅमची वाढ लागते, तीही लागोपाठ दोन तपासण्यांत. मधल्या काळात नवी हाडदुखी, हिमोग्लोबिन उतरणं किंवा क्रिएटिनिन चढणं यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फाइल घेऊन जावं, आणि नवी डबी तोवर फोडू नये. फोडलेली डबी केमिस्ट परत घेत नाही.